तेलाचा दाब कमी दिसला की आधी स्क्रूला हात लावू नका

प्रति,
मा. संपादक,

विषय : लहान विमानांच्या इंजिनांतील तेलाचा कमी दाब आणि त्याचे निदान

महोदय,

एखाद्या लहान विमानाला इंजिन बंद पडल्यामुळे मोकळ्या जागी उतरावे लागल्याची बातमी आली, की चर्चा बहुधा हवामान, इंधन आणि वैमानिकाचा निर्णय यांभोवतीच फिरते. इंजिनातील तेलाचा विषय निघालाच, तर "तेलाचा दाब गेल्याने इंजिन बंद पडले" या एका वाक्यात तो मिटतो. पिस्टन इंजिनांच्या विमानांची देखभाल हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मला त्या वाक्याच्या आधीच्या काळाविषयी लिहायचे आहे. नळी फुटून दाब एकाएकी जाण्याचे प्रसंग घडतात. परंतु पुष्कळदा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा आधीपासून थोडा थोडा खाली सरकत असतो, कोणाच्या तरी ते लक्षातही आलेले असते आणि त्यावर काहीतरी उपायही झालेला असतो. तो उपायच चुकीचा असतो, हे माझे दुःख आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दाबाचा काटा खाली आला तर हवेत असताना तो खराच मानावा. आणि जमिनीवर आल्यावर, दुसऱ्या विश्वासू गेजने मोजून तो खरा की खोटा हे ठरेपर्यंत, इंजिनाच्या कोणत्याही स्क्रूला पाना लावू नये. प्रत्यक्षात अनेकदा याच्या नेमके उलट होते. हवेत "गेजच बिघडले असेल" असे म्हणून उड्डाण पुढे चालू ठेवले जाते, आणि जमिनीवर रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा) स्क्रू थोडा आत घालून काटा गेजवरच्या हिरव्या, म्हणजे सुरक्षित पट्ट्यात आणला जातो. आपल्या वाचकांत उड्डाण शिकणारी मुलेमुली, त्यांना शिकवणारे प्रशिक्षक, विमानांचे मालक आणि नव्याने या कामात आलेले मेकॅनिक असतील. हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

दाब कोठून येतो, हे समजले तर निदानाचा अर्धा गोंधळ मिटतो. इंजिनाच्या मागील भागातला दातेरी चक्रांचा पंप तेल फक्त पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे, जसा पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की आतला दाब वाढतो तसा. इंजिनात हा अंगठा म्हणजे क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामधली चिंचोळी फट, जी मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. तेल त्या फटीतून सतत बाहेर निसटत राहते आणि तेवढेच तेल पंप पुन्हा आणून देतो. फट वाढली तर निसटणारे तेल त्या प्रमाणात वाढत नाही, तर फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. म्हणूनच बेअरिंगची थोडीशी झीजसुद्धा गेजवर दिसते. तेल तापून पातळ झाले तरी तेच होते. पंप तेवढाच फिरतो, पण तेल सहज निसटते आणि दाब उतरतो.

दाब फार वाढू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो. ठरावीक दाबाला त्याची स्प्रिंग दबते आणि जादा तेल परत तळातल्या तेलपात्रात जाते. यातली एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचे सारे निदान तिच्यावर उभे आहे. इंजिन गरम असताना आणि आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी वेगाने, फिरत असताना रिलीफ व्हॉल्व्ह बंद असतो. त्या वेळी दिसणारा दाब हा पंपाची ताकद, तेलाचा दाटपणा आणि बेअरिंगमधली फट या तिघांचा असतो. उलट क्रूझच्या, म्हणजे नेहमीच्या उड्डाणातल्या, आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) व्हॉल्व्ह उघडलेला असतो, आणि तिथला दाब बव्हंशी स्प्रिंग ठरवते. एकाच गेजवरचे हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि त्यातला केवळ क्रूझचा आकडा पाहून समाधान मानण्याची सवय मला घातक वाटते.

"कमी" म्हणजे किती, हेही प्रत्येक विमानाचे वेगळे असते. लायकमिंगचे ओ-३२० इंजिन असलेल्या जुन्या सेस्ना १७२ मध्ये हिरवा पट्टा ६० ते ९० पीएसआयचा (दर चौरस इंचावरील पौंडांचा) असतो आणि खालची लाल रेघ २५ वर असते. नंतरच्या १७२ एस मध्ये हिरवा पट्टा ५० ते ९० आणि लाल रेघ २० वर आहे. सेस्ना १५० मधल्या कॉन्टिनेंटल ओ-२०० इंजिनाचा नेहमीचा दाब ३० ते ६० पीएसआय असतो आणि आयडलला १० पीएसआय चालतो. रॉटॅक्स ९१२ मध्ये मोजणी बारमध्ये होते. नेहमीचा दाब २ ते ५ बार आणि ३५०० आरपीएमच्या खाली किमान ०.८ बार. म्हणजे क्रूझमध्ये ३५ पीएसआय हा आकडा एका विमानात अगदी निरोगी आहे आणि दुसऱ्यात तातडीने उतरण्याचे कारण आहे. एका प्रकारच्या विमानावर शिकून दुसऱ्यावर गेलेल्या वैमानिकाने पहिल्या दिवशी हे आकडे स्वतः मॅन्युअलमध्ये पाहिले पाहिजेत. कोणी तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

आता हवेतल्या निर्णयाविषयी. सेस्नाच्या मॅन्युअलमध्ये याबाबत जी विभागणी केली आहे ती व्यवहारात चांगली आहे. दाब कमी दिसतो, पण तेलाचे तापमान नेहमीसारखे आहे, अशा वेळी गेज किंवा रिलीफ व्हॉल्व्ह बिघडल्याची शक्यता असते. तरीही सर्वांत जवळच्या विमानतळावर उतरून कारण शोधावे. गेजकडे जाणाऱ्या नळीला गळती लागली तर सारे तेल लगेच निघून जात नाही, कारण त्या नळीच्या तोंडाशी अगदी बारीक छिद्राचा अडथळा मुद्दाम ठेवलेला असतो. दाब पूर्ण गेला आणि त्याबरोबर तापमान चढू लागले, तर इंजिन लवकरच बंद पडेल असे धरून पॉवर कमी करावी, उतरण्यायोग्य जागा निवडावी आणि तिथे पोहोचण्यापुरतीच पॉवर वापरावी.

या विभागणीचा एक गैरवापर मात्र मी वारंवार ऐकला आहे. "तापमान ठीक आहे ना, मग गेजच खराब आहे" असे म्हणून लोक ठरलेल्या ठिकाणापर्यंत जातात. तापमानाचा सेन्सर वाहत्या तेलात बुडालेला असेल तरच तो तेलाचे तापमान सांगतो. तेलच संपले असेल तर तो नुसत्या हवेत उरतो आणि काटा स्थिर राहू शकतो, किंबहुना खालीही येऊ शकतो. म्हणून तापमान चढण्याची वाट पाहणे म्हणजे इंजिनाच्या शेवटच्या मिनिटांची वाट पाहणे होय. तेलाविना फिरणाऱ्या इंजिनात पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग तापून वितळते, रॉड तुटतो आणि क्रँककेस (इंजिनाचे कवच) फोडून बाहेर येतो. त्यानंतर पॉवर कमी करण्याचा प्रश्न उरत नाही. जवळचा विमानतळ म्हणजे खरोखर जवळचा. जिथे आपला मेकॅनिक आहे तो नव्हे.

कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर (पात्यांचा कोन बदलून आरपीएम स्थिर ठेवणारा पंखा) असलेल्या एकइंजिनी विमानात आणखी एक साक्षीदार हाताशी असतो. अशा बहुतेक विमानांत प्रोपेलरच्या पात्यांचा कोन इंजिनाच्याच तेलाने बदलतो, आणि दाब गेला की पाती कमी कोनाकडे सरकून आरपीएम आपोआप वर जाते. दाबाचा काटा खाली आणि आरपीएम हाताबाहेर वर, असे एकत्र दिसले तर गेजला दोष देण्याची जागाच राहत नाही. काचेवर तेलाचे शिंतोडे, जळक्या तेलाचा वास, इंजिनाच्या आवाजात बदल, हेही तसेच पुरावे आहेत. पण हे पुरावे नाहीत म्हणून दाब ठीक आहे, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

जमिनीवर उतरल्यावर पहिले काम साधे आहे आणि तरीही ते चुकते. डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पाहायची. इंजिन बंद केल्यावर तेल खाली उतरायला काही मिनिटे द्यायची, विमान सपाट जागी आहे याची खात्री करायची आणि मग वाचायचे. तेल किमान पातळीखाली असेल तर विमान वळताना पंपाच्या नळीत हवा शिरते आणि काटा थरथरतो. तेल गरजेपेक्षा जास्त भरले, तर फिरत्या क्रँकशाफ्टमुळे ते फेसाळू शकते, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फेकले जाते आणि विमानाचे पोट तेलकट होते. डिपस्टिकचा वासही घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर इंधन तेलात मिसळते आहे आणि तेल पातळ झाले आहे. तिथे दाबाचे कारण शोधण्याआधी इंधन कोठून येते हे शोधले पाहिजे.

तेल कमी आढळले, तर भरून उडून जाणे हा उपाय नव्हे. ते गेले कोठे? रॉकर कव्हरची गॅस्केट, पुढचे क्रँकशाफ्ट सील, व्हॅक्यूम पंपाच्या तोंडाचे सील, कूलरच्या नळ्या, फिल्टरचा पाया हे सगळे पाहावे लागते. २००० साली अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने लायकमिंगच्या काही इंजिनांतील फिल्टरखालच्या कन्व्हर्टर प्लेटच्या गॅस्केटविषयी तातडीचा निर्देश काढला होता, तो याच तेलगळतीमुळे. अतिथंड हवेत ब्रीदरच्या नळीचे तोंड बर्फाने बंद होते, आत दाब साठतो आणि पुढचे सील उडून तेल बाहेर जाते. म्हणूनच त्या नळीला तोंडाच्या वर, इंजिनाच्या उबेत, एक जादा छिद्र ठेवलेले असते. रंग देताना किंवा नळी बदलताना ते बुजवले गेले नाही ना, हे पाहणारे मला फार थोडे भेटले आहेत.

तेल पुरेसे आहे आणि गळती नाही, तर मग गेजची पाळी येते. इंजिन सुरू करण्यापूर्वी, मास्टर स्विच लावल्यावर, काटा कोठे आहे हे पाहण्याची सवय प्रत्येक विद्यार्थ्याला लावली पाहिजे. बंद इंजिनावर गेज १० पीएसआय दाखवत असेल, तर पुढचा प्रत्येक आकडा संशयास्पद आहे. विजेवर चालणाऱ्या गेजमध्ये सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर आणि अर्थिंग यांतला कोणताही दुवा ढिला होऊ शकतो, आणि सेन्सर थेट इंजिनावर बसवलेला असेल तर कंपनाने तो लवकर निकामी होतो. काटा क्षणात शून्यावर आणि क्षणात टोकावर उडी मारत असेल, तर तो विजेचा दोष असण्याचा संभव मोठा आहे, कारण तेलाचा खरा दाब तशा उड्या मारत नाही. नळीतून थेट तेल आणणाऱ्या जुन्या यांत्रिक गेजमध्ये दोष वेगळे असतात. नळीच्या तोंडाचे बारीक छिद्र गाळाने अर्धे बुजले तर काटा आळशी होतो. कडाक्याच्या थंडीत नळीतले तेल घट्ट होऊन सुरू करताना तो उशिरा उठतो.

परंतु संभव म्हणजे सिद्धता नव्हे. सिद्धता एकाच मार्गाने होते. तपासून प्रमाणित केलेले यांत्रिक मास्टर गेज, ज्या जागी विमानाचा सेन्सर दाब घेतो त्याच जागी टी-जोड लावून बसवायचे, इंजिन पूर्ण गरम करायचे आणि दोन्ही गेजचे आकडे आयडल, १००० आरपीएम, १७०० किंवा १८०० आरपीएम अशा ठिकाणी लिहून घ्यायचे. गरम करणे महत्त्वाचे, कारण थंड तेलावर झिजलेले इंजिनही उत्तम दाब दाखवते. हे काम फार वेळ खात नाही. असे असूनही आधी नवा सेन्सर बसवायचा, तो नाही चालला तर नवे गेज, तेही नाही तर स्क्रू, असा क्रम मी पाहत आलो आहे. सुट्या भागांवर पैसे जातात ते परवडेल. खरा धोका हा, की एखादा नवा सेन्सर योगायोगाने थोडा जास्त आकडा दाखवतो आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो.

मास्टर गेजनेही दाब कमीच निघाला, तर आकड्यांची घडण वाचायची. क्रूझला कमी पण गरम आयडलला व्यवस्थित, अशी घडण असेल तर स्प्रिंग नरम पडली आहे किंवा चुकीची बसवली आहे. क्रूझला ठीक पण गरम आयडलला कमी, तर तेल फार तापते आहे, फार पातळ आहे किंवा पंप अथवा बेअरिंग झिजले आहेत. सर्वत्र कमी, तर रिलीफ व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही किंवा पंपाला तेल पुरेसे मिळत नाही. काटा सतत थरथरतो, तर पंपाच्या शोषण बाजूला हवा शिरते आहे. तिथल्या जाळीची गॅस्केट पाहावी. हे नियम शंभर टक्के कधीच बसत नाहीत, आणि दोन दोष एकत्र असतील तर घडणही मिसळते. तरीही पाना कोठे लावायचा, हे त्यांनी बरेचसे ठरते.

रिलीफ व्हॉल्व्हविषयी थोडे अधिक लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. लायकमिंगच्या इंजिनात तो क्रँककेसच्या उजव्या बाजूला वरच्या अंगाला असतो. काही इंजिनांत स्प्रिंगचा ताण स्क्रूने बदलता येतो, काहींत स्प्रिंगमागे वॉशर घालून. टोपण काढले की आधी स्प्रिंग हाती येते आणि तिच्यामागे पोलादी गोळा किंवा प्लंजर. स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी ताडून पाहायची, तिच्या कडेला एका बाजूने घासल्याची चमक आहे का ते पाहायचे. मग टॉर्च लावून आत, गोळा जिथे टेकतो ती बैठक पाहायची. चांगल्या बैठकीवर सर्व बाजूंनी सारख्या रुंदीचे चकचकीत कडे दिसते. ते एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल, किंवा त्यात कोठे नखाएवढीही खोच असेल, तर गोळा तिथे पूर्ण टेकत नाही आणि आयडललाही तेल त्या वाटेने पळते. काही इंजिनांत ही बैठक क्रँककेसच्या ॲल्युमिनियमच्या अंगातच कोरलेली असते, त्यामुळे पोलादी गोळ्याच्या आदळण्याने ती खराब होणे अगदी स्वाभाविक आहे. कधी बैठकीवर कार्बनचा काळा, बोटांत चुरडणारा कण मिळतो. कधी धातूचा, न चुरडणारा.

धातूचा कण मिळाला, तो पुसला, व्हॉल्व्ह बसवला आणि दाब परत आला, तर काम झाले असे समजले जाते. माझ्या मते इथे काम सुरू होते. तो कण आला कोठून? मी एका इंजिनावर हेच पाहिले आहे. आधीच्या देखभालीत रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पुन्हा पुन्हा आत घातला गेला होता, क्रूझचा आकडा प्रत्येक वेळी हिरव्या पट्ट्यात आला होता आणि गरम आयडलचा आकडा मात्र कोणीच लिहिला नव्हता. फिल्टर कापला तेव्हा आतल्या कागदाच्या घड्यांच्या तळाशी चमकत्या कणांची रांग दिसत होती. स्क्रूने आयडलचा दाब वाढत नाही, कारण त्या वेळी व्हॉल्व्ह बंदच असतो. म्हणजे झीज जे एकमेव चिन्ह दाखवत होती त्याकडे पाठ करून, जे चिन्ह स्क्रूने बदलता येते तेवढेच सजवले गेले होते.

फिल्टर नुसता काढून फेकणे, किंवा भोक पाडून तेल गाळून पाहणे, याला तपासणी म्हणू नये. फिल्टर कापण्याच्या खास हत्याराने त्याचे टोपण गोल कापायचे. करवतीने कापला तर करवतीचाच चुरा आत जातो आणि निष्कर्ष बिघडतो. आतला घडीचा कागद सुरीने दोन्ही टोकांशी सोडवायचा, पिळून तेल काढायचे आणि पांढऱ्या कापडावर पूर्ण पसरायचा. उन्हात तिरका धरला की कण चमकतात. त्यावरून चुंबक फिरवायचा. चुंबकाला चिकटणारे कण कॅमशाफ्ट, टॅपेट किंवा दातेरी चक्रांकडे बोट दाखवतात. न चिकटणारे पांढरट कण ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टन किंवा पिस्टन पिनच्या टोकांचे असू शकतात. तांबूस छटा बुशची. बेअरिंगचा पदार्थ मऊ आणि चपट्या पापुद्र्यांच्या रूपात येतो. फिल्टर असलेल्या इंजिनाचे तेल ५० तासांनी आणि नुसती जाळी असलेल्याचे २५ तासांनी बदलावे, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलावे, असे लायकमिंग सांगते. फार वेळ न उडणाऱ्या विमानांत कॅमशाफ्टला गंज चढून तो सोलवटतो, म्हणून त्या चार महिन्यांच्या अटीकडे मी तासांच्या अटीइतक्याच गांभीर्याने पाहतो. प्रयोगशाळेतले तेलपरीक्षण उपयोगी आहे, पण ते अतिसूक्ष्म कण मोजते. डोळ्यांना दिसणारे मोठे कण फिल्टरमध्येच अडकतात. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

तेल फार तापत असेल तर दाबाचा दोष तापमानात शोधावा. कूलरच्या पंखांत माती, किडे आणि गवत अडकते. सिलिंडरभोवतीचे रबरी बॅफल (हवेला वाट देणारे पडदे) फाटले की हवा कूलरला वळसा घालून निघून जाते. लायकमिंगमध्ये गरम तेलाला कूलरकडे वळवणारा व्हर्नाथर्म नावाचा उष्णतेने फुगणारा व्हॉल्व्ह असतो. तो पूर्ण बंद झाला नाही तर बरेच तेल कूलरमध्ये न जाताच परत फिरते. हा व्हॉल्व्ह गरम पाण्यात तपासता येतो. तेलाची श्रेणी बदलल्यावर दाबात थोडा फरक पडणे नैसर्गिक आहे, पण तो फरक किती होता हे सांगता यावे म्हणून आधीचा आकडा हाती असायला हवा, आणि तो बहुधा नसतो.

पंपाच्या झिजेविषयी एवढेच सांगतो, की चक्रे आणि त्यांची पोकळी यांतली फट मॅन्युअलप्रमाणे मोजावी. १९९६ साली फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने लायकमिंगच्या काही इंजिनांतील तेलपंपांचे सिंटर्ड (भुकटी दाबून-तापवून बनवलेल्या) लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे इंपेलर, म्हणजे तेल ढकलणारी चक्रे, काढून कठीण पोलादाचे बसवण्याचा निर्देश काढला. जुने इंजिन विकत घेणाऱ्याने तो निर्देश पाळल्याची नोंद लॉगबुकात शोधावी. "झाले असेल" या उत्तरावर थांबू नये. हे सारे तपासून झाले आणि गरम आयडलचा दाब तरीही खालच्या मर्यादेकडे घसरत राहिला, तर उरतात बेअरिंग, आणि त्यासाठी इंजिन उघडण्यावाचून मार्ग नाही. मालकाला हे सांगणे जड जाते, हे मी जाणतो. खर्च मोठा असतो, विमान दीर्घ काळ जमिनीवर राहते. पण हवेत रॉड तुटलेल्या इंजिनाची क्रँककेसही बहुधा हाती लागत नाही.

उड्डाण संस्था आणि मालक यांच्याकडे माझी मागणी खर्चाची नाही. प्रत्येक तेलबदलाच्या वेळी, आणि शक्य तर दर आठवड्याला, इंजिन पूर्ण गरम असताना दोन आकडे लॉगबुकात लिहावेत. नोंद अशी असावी : तेलाचे तापमान ९० अंश सेल्सिअस, ७०० आरपीएमला ३८ पीएसआय, २००० आरपीएमला ७२ पीएसआय, तेलाची श्रेणी अमुक. अशा नोंदी सलग असल्या की ३८ चे ३४ आणि ३४ चे ३० कधी झाले हे कोणालाही दिसते, लाल रेघ अजून दूर असताना दिसते. विद्यार्थ्याने "काटा नेहमीपेक्षा खाली वाटला" असे लिहिले तर त्याची नोंद दोषपत्रकात व्हावी आणि तिला मोजून उत्तर दिले जावे. "सगळी विमाने असेच दाखवतात" हे उत्तर त्याला पुढच्या वेळी गप्प बसायला शिकवते. आणि रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवला किंवा वॉशर घातला गेला, तर त्या नोंदीत किती फिरवला, फिरवण्याआधी मास्टर गेजवर काय आकडे होते, नंतर काय झाले आणि फिल्टर कापून काय दिसले, या चारही गोष्टी असाव्यात. यातली एक जरी नसली, तर तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने ती नोंद अपुरी ठरवून विमान परत हँगरमध्ये पाठवावे.

आपला विश्वासू,
एक विमान देखभाल अभियंता